इंदूरच्या मेट्रोत शांघायच्या बँकेचं कर्ज: जागतिक विकासाचे नियम भारत खरंच लिहितो आहे का?

रामबाग, इंदूर

३१ मे २०२५ ला सुपर कॉरिडॉरवर मेट्रो सुरू झाली, सहा किलोमीटर आणि पाच स्थानकं. या प्रकल्पात न्यू डेव्हलपमेंट बँकेचं, म्हणजे ब्रिक्स देशांनी (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका) काढलेल्या शांघायमधल्या बँकेचं कर्ज आहे. मेट्रो भुयारी असावी की पुलावरून जावी यावर शहरात इतकी वर्षं वाद झाला, पण त्यात या बँकेचं नाव निघालेलं मी कधी ऐकलं नाही. याच बँकेने २०१६ मध्ये मध्य प्रदेशातल्या जिल्हा रस्त्यांसाठी ३५ कोटी डॉलर मंजूर केले होते. २०१८ मध्ये बीजिंगच्या एआयआयबीने, म्हणजे आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेने, जागतिक बँकेच्या जोडीने आपल्या ग्रामीण रस्त्यांसाठी १४ कोटी डॉलर दिले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० ची शेतीविषयक बैठक आपल्याकडे झाली, जुलैत कामगारमंत्र्यांची झाली. तेव्हापासून इथे एक वाक्य सतत कानावर पडतं: भारत आता नियम पाळणारा देश राहिला नाही, नियम करणारा झाला. हे वाक्य खरं ठरावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून विचारतो, कोणता नियम केला?

माझ्या मते भारताच्या मातीतून जागतिक विकासव्यवस्थेला मिळालेला सर्वांत मोठा नियम तीस वर्षांपूर्वीचा आहे आणि तो आपल्या शेजारी घडला. बडवानी, कुक्षी, निसरपूर ही गावं इंदूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत यावं इतकी जवळ. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. पुनर्वसनाचा पत्ता नाही म्हणून खोऱ्यातली माणसं उठली, महाराष्ट्रातल्या मणिबेलीपासून निमाडपर्यंत. अखेर बँकेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स यांच्याकडून स्वतंत्र आढावा करून घ्यावा लागला, आणि जून १९९२ च्या त्या अहवालाने बँकेच्याच कारभाराचे वाभाडे काढले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात जागतिक बँकेने तपासणी पॅनेल स्थापन केलं. ज्यांची घरं-शेतं प्रकल्पात जातात त्यांनी आपल्या सरकारची परवानगी न घेता थेट बँकेकडे तक्रार करायची की तुम्ही स्वतःचे नियम मोडलेत. पुढे आशियाई विकास बँकेला, आयएफसीला (खासगी प्रकल्पांना कर्ज देणारी जागतिक बँकेची शाखा), एकेका विकास बँकेला अशी खिडकी उघडावी लागली. हे नर्मदाकाठच्या शेतकऱ्यांचं आणि आदिवासींचं कर्तृत्व आहे, दिल्लीचं नव्हे.

आता ब्रिक्स बँकेकडे बघा. तिची कल्पना २०१२ च्या दिल्ली शिखर परिषदेत मांडली गेली, २०१४ मध्ये ब्राझीलच्या फोर्तालेझात करार झाला, पहिले अध्यक्ष आपले के. व्ही. कामत. पाचही संस्थापक देशांचं भांडवल सारखं, नकाराधिकार कोणालाच नाही. वॉशिंग्टनमध्ये आमचं कोणी ऐकत नाही, ही तक्रार इथे करता येत नाही. इथे पाटी कोरी होती. आणि या बँकेने ठरवलं काय? पर्यावरण आणि पुनर्वसन यांबाबत कर्ज घेणाऱ्या देशाचे कायदे आणि त्याचीच यंत्रणा यांवर विसंबायचं. म्हणजे ज्या तहसील कचेरीने दाद दिली नाही, तिच्याकडेच पुन्हा जायचं.

भारताने या बँकेत तपासणी पॅनेलच्या तोडीची स्वतंत्र यंत्रणा मागावी, आणि आपली एक्झिम बँक, म्हणजे सरकारी निर्यात-आयात बँक, शेजारी देशांना व आफ्रिकेला जी कर्जं देते त्यांनाही ती लावावी. उगवत्या सत्तेकडून मला एवढं एक काम हवं आहे. विरोधी मतं जरूर लिहा.

दांडियाबाजार, बडोदा

धागा वाचला आणि गप्प बसवेना. मी नर्मदेच्या कालव्यांच्या कामावर नोकरी केलेला माणूस आहे, निवृत्त होऊन बराच काळ झाला.

मोर्स समितीचं कौतुक तुम्ही केलंत. १९९३ ला बँक निघून गेल्यावर काय झालं ते लिहिलं नाहीत. धरण थांबलं नाही. सरदार सरोवर नर्मदा निगमने रोखे काढले, ३,६०० रुपयांचा रोखा, २०१४ मध्ये १ लाख ११ हजार मिळणार असा, आणि सामान्य माणसांनी ते घेतले. लोकांनी आपल्या बचतीतून धरणाला पैसा पुरवला. कोणत्याही परदेशी बँकेच्या पायरीवर न जाता एवढं मोठं काम पुरं होऊ शकतं, हा धडा माझ्यासाठी त्या पॅनेलपेक्षा मोठा आहे. सौराष्ट्र आणि कच्छमधली जी गावं उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसायची, त्यांच्या बायांना विचारा की बँकेने १९९३ ला जिंकलं की हरलं.

आता त्या खिडकीविषयी. तिच्याकडे आलेली पहिली तक्रार नेपाळच्या अरुण-३ जलविद्युत प्रकल्पाची, १९९४ ची. १९९५ मध्ये बँकेने माघार घेतली. बँक आपला हात झटकून मोकळी झाली आणि पुढे नेपाळमध्ये अशी वर्षं आली की हिवाळ्यात दिवसाला सोळा-सोळा तास वीज नसे. त्या अंधाराची तक्रार कोणत्या खिडकीवर करायची होती? आज तोच अरुण-३, आता ९०० मेगावॉटचा, आपली एसजेव्हीएन ही सरकारी वीजकंपनी बांधते आहे. २०१८ मध्ये त्याची पायाभरणी झाली. मला विचाराल तर उगवत्या सत्तेने विकासव्यवस्थेत घालायची भर ती हीच: इतर जिथून पळाले तिथे जाऊन काम पुरं करून दाखवायचं.

आणि विस्थापितांना न्याय शेवटी कोणी दिला? फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने. मध्य प्रदेशातल्या ६८१ कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख रुपये द्यायचा आदेश झाला. तो वॉशिंग्टनहून आला नव्हता.

लष्कर, ग्वाल्हेर

दोन्ही बाजू नर्मदेत अडकल्या आहेत. मूळ प्रश्न चीनचा आहे आणि तो कोणी घेत नाही.

एआयआयबीत चीनकडे २६ टक्क्यांहून जास्त मतं आहेत. मोठ्या निर्णयाला ७५ टक्के लागतात. म्हणजे नकाराधिकार कागदावर नाही, पण आहेच. भारत दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक, साडेसात टक्क्यांच्या आसपास, आणि कर्ज घेण्यात मात्र पहिला. ज्या घरात आपण सर्वांत मोठे कर्जदार, त्या घरात आपण नियम लिहू अशी आशा मी ठेवत नाही.

नियम कसे लिहिले जातात ते श्रीलंकेत दिसलं. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची फेड थांबवली. त्या वर्षी भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली, इंधन, औषधं, धान्य सगळं. पण मी महत्त्वाचं मानतो ते जानेवारी २०२३ चं पत्र. श्रीलंकेच्या कर्जाची फेररचना करायला आम्ही तयार आहोत, अशी हमी नाणेनिधीला सर्वांत आधी भारताने दिली. मग जपान आणि फ्रान्ससोबत भारत सावकारांच्या समितीचा सहअध्यक्ष झाला. चीन त्या समितीत आला नाही, त्याने आपला करार वेगळा केला. कर्जदार बुडाला की सगळ्या सावकारांनी एका टेबलाशी बसायचं आणि कोणी किती सोडलं ते एकमेकांना दाखवायचं, हा आजच्या काळातला सर्वांत गरजेचा नियम आहे. भारताने तो स्वतः पाळून दाखवला. रामबाग दादा, तुम्ही विचारलंत ना कोणता नियम? हा घ्या.

माझ्या मते या दोन्ही बँकांतून हळूहळू पाय काढावा आणि जपान, युरोपसोबत काम करावं.

राजेंद्रनगर, इंदूर

लष्कर दादा, पाय काढायचा तर कुठे ठेवायचा तेही सांगा. मी अर्थशास्त्र शिकते आहे, म्हणून थोडे आकडे मांडते.

नाणेनिधीत भारताचा कोटा, म्हणजे ज्यावर मतं ठरतात तो वाटा, २.७५ टक्के आहे. अमेरिकेची मतं साडेसोळा टक्क्यांच्या घरात, आणि मोठ्या बदलाला ८५ टक्के लागतात, म्हणजे एकटी अमेरिका असा कोणताही बदल अडवू शकते. २०१० मध्ये ठरलेली कोटा-सुधारणा अमेरिकी काँग्रेसने अडवून ठेवल्यामुळे २०१६ मध्ये लागू झाली. डिसेंबर २०२३ मध्ये सोळावा आढावा झाला: सगळ्यांचे कोटे सारख्या प्रमाणात ५० टक्क्यांनी वाढवले, त्यामुळे कोणाचा वाटा बदलला नाही. जागतिक बँकेचा अध्यक्ष दरवेळी अमेरिकेने सुचवलेला आणि नाणेनिधीचा प्रमुख युरोपातला, हा रिवाज ऐंशी वर्षं चालू आहे. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेला आपले चिंतामणराव देशमुख गेले होते. देश स्वतंत्र नव्हता, तरी भारताच्या शिष्टमंडळाने तिथे मागास देशांच्या विकासाचा मुद्दा लावून धरला. त्यांनी जे दार ठोठावलं ते आजही अर्धंच उघडलेलं आहे. म्हणून दुसऱ्या बँका लागल्या. चीनवर प्रेम आहे म्हणून आपण तिथे गेलेलो नाही.

जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले. त्याच आठवड्यात एआयआयबीने कोविडसाठी भारताला ७५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं आणि आपण ते घेतलं. यावर संसदेपर्यंत चर्चा झाली. मला त्यात विसंगती वाटत नाही. बहुराष्ट्रीय बँक असण्याचा उपयोगच तो: सीमेवर काय चाललं आहे त्यावर कर्जाचा निर्णय अवलंबून राहत नाही.

रामबाग काका, तुमच्याशीही मतभेद आहे. समजा ब्रिक्स बँकेने तुमची यंत्रणा आणली. प्रत्येक कर्जाला आणखी वर्षभर लागायला लागलं. मग आफ्रिकेतला अर्थमंत्री काय करेल? चीनच्या एक्झिम बँकेकडे किंवा चायना डेव्हलपमेंट बँकेकडे जाईल, जिथे करारच गुप्त असतात. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता बुडवला आणि सावकार देशांशी समझोता व्हायला जून २०२३ उजाडलं. कोणाचं किती देणं आहे यावरच आधी काथ्याकूट. कडक नियमांची बँक ओस पडली तर त्या नियमांनी कोणाचं रक्षण केलं?

सुदामानगर, इंदूर

माझा प्रश्न साधा आहे. भारत दुसऱ्यांसाठी नियम लिहिण्याआधी स्वतः काय करतो?

ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत प्रस्ताव मांडला की कोविडच्या लसी-औषधांवरचे पेटंटचे हक्क काही काळ बाजूला ठेवा. मला त्याचा अभिमान वाटला होता. लस मैत्रीतून लशी बाहेर गेल्या त्याचाही. मग दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. आफ्रिकेतले कितीतरी देश भारतातून येणाऱ्या लशीवर विसंबून होते, ते महिनोन्‌महिने ताटकळले. मी त्या एप्रिलमध्ये इथे एका दवाखान्यात काम करत होते. खाटा नव्हत्या, ऑक्सिजनसाठी नातेवाईक रात्र-रात्र फिरत होते. मला कोणी विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं, आधी आपल्या माणसांना द्या. आजही तेच म्हणेन. पण मग एवढं तरी मान्य करूया की संकट आलं की प्रत्येक देश आधी आपल्या घराकडे बघतो, आणि जगाच्या वतीने बोलायचा हक्क आपण तोलून-मापून वापरायला हवा.

दुसरं रामपाल. बांगलादेशातला १,३२० मेगावॉटचा कोळशाचा वीजप्रकल्प, सुंदरबनच्या कडेपासून सुमारे १४ किलोमीटरवर. आपल्या सरकारी वीजकंपनीची, एनटीपीसीची भागीदारी, आपल्या एक्झिम बँकेचं १.६ अब्ज डॉलरचं कर्ज. युनेस्कोने २०१६ मध्ये तो दुसरीकडे हलवा म्हणून सांगितलं. तो तिथेच उभा राहिला. तिथल्या मासेमारांनी दिल्लीत कोणाचं दार वाजवायचं होतं?

म्हणून रामबाग दादांचं अर्धं मला पटतं. आधी एक्झिम बँक, मग शांघाय. क्रम उलटा नको.

रामबाग, इंदूर

उत्तरं मोठी आणि मनापासून आली, आभार. माझंही थोडं लांबेल.

सुदामानगर ताई, क्रम तुम्ही सांगता तोच ठेवू. आपल्या परदेशी कर्जांच्या अटींत साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आपल्या कंपन्यांच्या हिताची काळजी जर करारात मावते, तर ज्याच्या शेतातून ट्रान्समिशनची लाईन जाते त्याच्या तक्रारीसाठी एक पान मावायला हरकत नसावी.

दांडियाबाजार काका, तुम्ही तिथे काम केलंत, पाणी पोचताना पाहिलंत, त्यापुढे मी काय बोलणार? आम्ही इंदूरकरसुद्धा १९७८ पासून जलूदहून येणारं नर्मदेचंच पाणी पितो. मी धरणाच्या विरोधात लिहिलेलं नाही. पण तुम्ही रोख्यांचा दाखला दिलात, तर तो पुरा देऊ. २००८ मध्ये गुजरात विधानसभेने कायदा केला आणि जानेवारी २००९ मध्ये ५० हजार रुपये देऊन ते रोखे मुदतीआधीच संपवले. ज्यांच्याकडून पैसा घेतला त्यांच्याशी केलेला करार कायद्याने बदलला. सावकार सामान्य माणूस असो वा विस्थापित सामान्य माणूस असो, पलीकडे सरकार उभं असलं की दाद मागायला तिसरी जागा लागते. तुमचाच दाखला माझ्या बाजूने बोलतो.

सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला, खरं आहे. पण तारखा लावून बघा. नर्मदा लवादाचा निवाडा १९७९ चा, जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचा. ६० लाखांचा आदेश २०१७ चा. मध्ये ३८ वर्षं गेली. ज्या मुलाच्या बापाची जमीन बुडितात जाणार होती, तो मुलगा आजोबा झाला. न्यायालयाने न्याय दिला याचा मला आदर आहे, पण एवढी वर्षं थांबायची ताकद गरिबाकडून अपेक्षू नये.

अरुण-३ बद्दल तुम्ही म्हणता ते मनाला लागलं. बँक माघार घेते आणि जबाबदारीतून सुटते, हा त्या व्यवस्थेतला खरा दोष आहे. निघून जाण्याऐवजी थांबून दुरुस्त करायला भाग पाडणारी यंत्रणा हवी. आता एसजेव्हीएन तिथे आहे, आपले बँकवाले आहेत. अरुण-३ ज्या जिल्ह्यात आहे त्या संखुवासभेतल्या माणसाला १९९४ मध्ये निदान वॉशिंग्टनला पत्र पाठवायची सोय होती. आज भारतीय पैशाविषयी त्याला पत्र कुठे पाठवायचं ते मला सांगता येत नाही, आणि याची मला लाज वाटते.

राजेंद्रनगर, कडक नियमांची बँक ओस पडेल ही भीती जुनी आहे. अमरावतीचं उदाहरण घे. आंध्रच्या नव्या राजधानीसाठी जागतिक बँक आणि एआयआयबी कर्ज देणार होत्या. जमीन एकत्रीकरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी २०१७ मध्ये तपासणी पॅनेलकडे तक्रार केली. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारनेच प्रस्ताव मागे घेतला आणि दोन्ही बँका बाहेर पडल्या. पण डिसेंबर २०२४ मध्ये तीच जागतिक बँक पुन्हा अमरावतीसाठी ८० कोटी डॉलर मंजूर करून आली. खिडकी होती म्हणून बँक ओस पडली नाही.

लष्कर, ग्वाल्हेर

आंध्रात राज्य सरकार बदललं म्हणून कर्ज गेलं आणि सरकार बदललं म्हणून परत आलं. तक्रारीमुळे काय झालं हे त्यातून सिद्ध होत नाही.

आणि कच्छमधल्या मुंद्र्याचं काय? तिथल्या मच्छीमारांनी आयएफसीच्या खिडकीवर तक्रार केली. आयएफसीने २००८ मध्ये तिथल्या कोळशाच्या वीजप्रकल्पाला ४५ कोटी डॉलर दिले होते. आयएफसीच्याच लोकपाल कार्यालयाने २०१३ मध्ये मान्य केलं की आयएफसीने काळजी घेतली नाही. पुढे काही हललं नाही म्हणून ते अमेरिकेच्या कोर्टात गेले. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आयएफसीला खटल्यापासून पूर्ण संरक्षण नाही. सगळीकडे बातम्या झाल्या, जल्लोष झाला. आणि शेवटी खालच्या कोर्टांनी खटला फेटाळलाच. मच्छीमारांच्या हातात काय पडलं? तुम्ही ज्या व्यवस्थेची नक्कल शांघायमध्ये करायला सांगता, ती मूळ जागीच दात नसलेली आहे.

सुदामानगर, इंदूर

लष्कर भाऊ, दात नाहीत म्हणून तोंडच बंद करायचं का? मुंद्र्याचे मच्छीमार निदान जगातल्या सर्वांत मोठ्या कोर्टांपैकी एकात उभे राहिले. रामपालच्या मासेमारांना तेही मिळालं नाही.

दांडियाबाजार, बडोदा

रोख्यांचं तुम्ही म्हणालात ते नाकारत नाही, त्यावर लोक चिडले होते. तरी एक गोष्ट सांगतो, ही खिडकी शांघायला नको. ब्रिक्स बँकेचं भारतातलं कार्यालय २०२२ पासून गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत आहे. तिथे ठेवा. अर्ज हिंदीत, गुजरातीत, मराठीत, भिलीत घ्या. बडवानीच्या माणसाला रात्रीच्या बसने पोचता येईल. इंग्रजीतल्या वेबसाईटवर फॉर्म भरायला लावणारी खिडकी म्हणजे भिंतच. एवढ्यावर मी तुमच्यासोबत येईन.

पण एक अट घालतो. तक्रार आली म्हणून काम थांबणार नाही. मी साइटवर पाहिलं आहे, काम एक मोसम थांबलं की खर्च कुठल्या कुठे जातो, कंत्राटदार पळतो, अर्धवट खोदलेल्या कालव्यात पावसाचं पाणी भरतं आणि शेजारच्या शेतकऱ्याचंच नुकसान होतं. तक्रारीची चौकशी करा, भरपाई द्या, दोषी अधिकाऱ्याला शिक्षा करा. काम चालू ठेवा.

रामबाग, इंदूर

गिफ्ट सिटीची सूचना माझ्या मूळ प्रस्तावापेक्षा चांगली आहे, काका. भाषेची तर फारच.

कामाची अट मात्र जशीच्या तशी मान्य करता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर धरण पहिल्यांदा पूर्ण भरलं आणि निसरपूर पाण्यात गेलं. पुनर्वसनाचे वाद तेव्हाही मिटले नव्हते. घर बुडाल्यावर चौकशी सुरू होणार असेल तर तक्रारदाराला ती असून नसून सारखीच. मधला मार्ग असा निघू शकतो: काम थांबवण्याऐवजी बँकेने कर्जाचा पुढचा हप्ता रोखावा, तोही तक्रार ज्या टप्प्याविषयी आहे तेवढ्यापुरता. कंत्राटदाराचं झालेल्या कामाचं देणं द्यावं. निर्णय संचालक मंडळाने घेऊ नये, तीन जणांच्या पॅनेलने घ्यावा, आणि त्यात कर्ज घेणाऱ्या देशाचा नागरिक नसावा. जागतिक बँकेच्या पॅनेलवरही तीनच सदस्य असतात आणि ते तिघे वेगवेगळ्या देशांचे असतात.

राजेंद्रनगर, इंदूर

हप्त्याची कल्पना मला पटते, कारण तिने कर्जाला उशीर होत नाही. मंजुरी वेळेवर, पैसा टप्प्याटप्प्याने, आणि चूक झाली तर पुढचा टप्पा अडतो. पण एक आठवण करून देते. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर ब्रिक्स बँकेने रशियातले नवे व्यवहार थांबवले. रशिया संस्थापक सदस्य, समान भागधारक, तरीही. कारण बँकेला जागतिक बाजारातून डॉलर उभे करावे लागतात आणि पतमानांकन सांभाळावं लागतं. म्हणजे हप्ता रोखायची ताकद या बँकेत आहे, आणि ती गुंतवणूकदारांसाठी वापरलीही गेली. तीच विस्थापितांसाठी वापरा असं भारताने म्हटलं, तर हे होऊच शकत नाही असं उत्तर बँकेला देता येणार नाही.

दांडियाबाजार, बडोदा

रशियाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, चांगला काढलास बेटा. हप्ता रोखणं मला चालेल. पण पॅनेलने सहा महिन्यांत निकाल द्यावा, नाही दिला तर हप्ता आपोआप सुटावा. मुदत नसली की आपल्याकडे काय होतं ते रामबाग यांनीच वर लिहिलं आहे.

लष्कर, ग्वाल्हेर

तुमचं जमलं, पण माझं नाही. पॅनेल कितीही स्वतंत्र म्हणा, त्याला पगार देणारी बँक शांघायमध्ये आहे. उद्या अरुणाचलच्या सीमेवरचा रस्ता किंवा सियांगवरचं धरण यांत असलं कर्ज आलं आणि तिथे तक्रार उभी राहिली, किंवा उभी केली गेली, तर भारताच्या भूमीवरच्या कामाचा हप्ता अडवायचा अधिकार तुम्ही अशा बँकेच्या हाती दिलेला असेल जिच्यात चीन आपल्या बरोबरीचा मालक आहे. एक्झिम बँकेत ही यंत्रणा आणा, मी पहिली सही करतो. तिथे सावकार आपण आहोत आणि जबाबदारीही आपली आहे. शांघायच्या बँकेसाठी माझा विरोध नोंदवून ठेवा.

रामबाग, इंदूर

नोंदवला. सीमाभागातले प्रकल्प या बँकांच्या कर्जात घालूच नयेत, हे मी माझ्या प्रस्तावाच्या मसुद्यात लिहितो. त्याने तुमची हरकत किती कमी होते ते सांगा. सुदामानगर ताई, एक्झिम बँकेचा भाग तुम्ही लिहाल का? रामपालपासून सुरुवात करा.